गाठ मारकी की गरीब? कापण्याआधी कळतं का?

दुधनाकाठ | ११ फेब्रुवारी २०२५, रात्री ९:४०

मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचतो, लिहायची ही पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे अण्णा ६७ वर्षांचे. सेलू तालुक्यात शेती. पंधरा दिवसांपूर्वी कंबर धरली म्हणून सोनोग्राफी केली. खडा असेल असंच धरून चाललो होतो, कारण डाव्या किडनीत खड्याचा जुना इतिहास आहे आणि ती आता आक्रसून ७.४ सेंमी राहिली आहे. खडा निघाला नाही. उजव्या किडनीच्या खालच्या टोकाला ३.१ सेंमीची भरीव गाठ निघाली. क्रिएटिनीन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.७.

जिल्ह्याच्या ठिकाणी डाय देऊन सीटी केला. रिपोर्टमध्ये शेवटची ओळ अशी: डाय घेणारी गाठ, आरसीसी (किडनीचा कॅन्सर) असू शकते. सर्जननी फिल्म उजेडाला धरून अर्धा मिनिट पाहिली आणि म्हणाले, उजवी किडनी पूर्ण काढू, लांबवू नका.

आता उजवी काढली तर मागे उरते ती आक्रसलेली. म्हणजे डायलिसिस. आठवड्यातून तीनदा परभणी, आयुष्यभर. धाकटा भाऊ म्हणतो कॅन्सर आहे, विचार कसला करता. अण्णा गप्प होते. रात्री जेवताना मला एकच म्हणाले, "डॉक्टरला इचार, गाठ मारकी हाय का गरीब? मारकी असल तर काढू. गरीब असल तर कामून दावणीचा बैल इकायचा?"

मला हा प्रश्न डॉक्टरांसमोर मांडता आला नाही, म्हणून इथे मांडतो. गाठ किती वाईट आहे हे फोटोवरून, म्हणजे स्कॅनवरून, आधी कळतं का?

---

खडेमास्तर | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

दुधनाकाठ, धीर धरा. मी बीडचा, चार वेळा खडे पाडलेला माणूस. पानफुटीची दोन पानं सकाळी अनशापोटी

---

एक्सरेवाली | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३१

मास्तर, तिथेच थांबा. खड्याच्या धाग्यावर पानफुटी चालवून घेतली, इथे नाही.

दुधनाकाठ, मी रेडिओलॉजिस्ट आहे. एमबीबीएस अंबाजोगाईचं, सध्या संभाजीनगरात. मला तीन गोष्टी सांगा. सीटीची सीडी मिळाली का, की नुसत्या फिल्म? डाय द्यायच्या आधी एकदा साधा, म्हणजे प्लेन, स्कॅन केला होता का? आणि डाय दिल्यावर अण्णांना किती वेळा श्वास धरायला लावला?

---

मांजरा | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

हा धागा वाचून रात्रभर झोप नाही.

२०१६. माझी आई, लातूर. २.८ सेंमी गाठ, अशीच सोनोग्राफीत अचानक सापडलेली. आठ दिवसांत किडनी काढली. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला: ऑन्कोसायटोमा. साधी गाठ, कॅन्सर नव्हेच. घरात आनंदीआनंद. मामांनी गल्लीत पेढे वाटले. मी पण खाल्ले.

पेढा संपल्यावर डोक्यात आलं, की मग किडनी कशासाठी गेली?

आई ठीक आहे, एका किडनीवर छान चाललंय. कोणावर राग नाही, त्या वेळी सगळ्यांनी चांगल्याच हेतूने केलं. पण तुमच्या अण्णांकडे दुसरी किडनी धड नाही. विचारूनच घ्या.

---

दुधनाकाठ | १२ फेब्रुवारी, दुपारी १:२०

एक्सरेवाली ताई, सीडी नव्हती. आज परत जाऊन मागितली, तीनशे रुपये घेऊन दिली. अण्णा म्हणतात श्वास एकदाच धरायला सांगितला. प्लेनचं त्यांना आठवत नाही. सीडीत एकच मालिका दिसते. बाण नेऊन ठेवला की गाठीवर ६२ आकडा येतो.

---

एक्सरेवाली | १२ फेब्रुवारी, रात्री ११:०२

इथेच सगळी मेख आहे. जरा सविस्तर लिहिते.

तो ६२ म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. पाणी शून्य, चरबी उणे, रक्त-मांस अधिक. डाय दिल्यावर गाठ ६२ झाली हे कळलं, पण डायच्या आधी किती होती? ३० असेल तर ३२ ने चढली, म्हणजे गाठीत रक्त खेळतंय, ती भरीव आहे. ४५ असेल तर चढ १७ चा. १० च्या खालचा चढ धरत नाहीत, २० च्या वरचा पक्का मानतात, मधला सगळा संशयाचा मुलूख. आधीपासूनच ६० असेल तर ती गाठ नसून घट्ट द्रवाने भरलेली पाण्याची पिशवीही असू शकते. तशा पिशव्यांची प्रतवारी बॉस्निॲक नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९८६ साली घालून दिली, ती २०१९ साली सुधारली. तो निराळा विषय. तुमच्या सोनोग्राफीत भरीव म्हटलंय, म्हणून पिशवीची शक्यता कमी. पण सांगायचा मुद्दा असा, की प्लेनशिवायचा सीटी म्हणजे गाडी निघाली तिथल्या मैलाचा दगड न पाहता किती अंतर कापलं ते सांगणं.

किडनीच्या गाठीसाठी स्कॅन टप्प्याटप्प्याने करतात. आधी प्लेन. मग डाय शिरेत सोडल्यावर ३०-४० सेकंदांनी, तेव्हा किडनीची फक्त बाहेरची साल उजळते. मग ९०-१०० सेकंदांनी, तेव्हा सगळी किडनी सारखी उजळते आणि लपलेली गाठ उठून दिसते. गरज पडली तर काही मिनिटांनी, डाय लघवीत उतरल्यावर. पोटाच्या नेहमीच्या सीटीत बहुतेकदा एकच टप्पा घेतात. पोटदुखीला तेवढा पुरतो, किडनीच्या गाठीला पुरत नाही. सेंटरवाल्याची फार चूक नाही. चिठ्ठीवर नुसतं "सीटी ॲबडोमेन" लिहिलेलं असणार. मी स्वतः अशा चिठ्ठ्यांवर रोज चडफडते.

आता अण्णांचा प्रश्न. मला तो फार आवडला. आमच्या कॉन्फरन्समध्ये लोक तासभर बोलून इतकं नेमकं विचारत नाहीत.

किडनीचे कॅन्सर एका जातीचे नसतात. शंभरात ७० ते ८० क्लिअर सेल, १० ते १५ पॅपिलरी, पाचेक क्रोमोफोब. त्याशिवाय कॅन्सर नसलेल्या गाठी आहेतच: ऑन्कोसायटोमा, आणि चरबी असलेली अँजिओमायोलायपोमा. ४ सेंमीच्या आतल्या ज्या गाठी काढल्या जातात त्यात पाचा-सहातली एक साधी निघते. मांजरा यांच्या आईंचं जे झालं ते त्यामुळेच मुळीच दुर्मीळ नाही.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर क्लिअर सेल म्हणजे बागायत. रक्ताचे पाट भरपूर, डाय सोडला की पहिल्याच टप्प्यात लखलखतो. पॅपिलरी म्हणजे जिरायत. डाय हळू शिरतो, थोडाच शिरतो आणि शेवटपर्यंत मंद राहतो. क्रोमोफोब दोन्हींच्या मधला. ऑन्कोसायटोमाही बागायतच, तोच तर घोळ आहे. तो क्लिअर सेलसारखा किंवा क्रोमोफोबसारखा दिसून भल्याभल्यांना चकवतो. चरबीची गाठ मात्र सहसा फसवत नाही: प्लेनमध्ये आकडा उणे १० च्या खाली गेला की ओळखावी, फक्त काहींत चरबी इतकी कमी असते की सापडत नाही.

साधारणपणे क्लिअर सेल जास्त मारका, लहान पॅपिलरी आणि क्रोमोफोब त्या मानाने गरीब. म्हणजे जात कळली की स्वभावाचा अर्धा अंदाज येतो.

---

सूक्ष्मदर्शी | १३ फेब्रुवारी, सकाळी ६:४८

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, लातूर. ताईंचं विवेचन सुरेख. पण "अर्धा अंदाज" या शब्दांवर मी अडून बसणार आहे.

बैलाची जात खिल्लार म्हणून तो मारका ठरत नाही. स्वभाव आम्ही पेशीत बघतो. क्लिअर सेल आणि पॅपिलरीमध्ये पेशीच्या केंद्रकातला ठिपका, न्यूक्लिओलस, किती ठळक आहे त्यावर १ ते ४ ग्रेड देतात. ४०० पट मोठं करूनही दिसला नाही तर १. ४०० पटीवर दिसला पण १०० पटीवर ठळक नाही, तर २. १०० पटीवरच डोळ्यांत भरला तर ३. पेशींनी ताळतंत्रच सोडलं, सार्कोमासारख्या दिसायला लागल्या, तर ४. पूर्वी १९८२ ची फुरमन पद्धत होती, ती आम्ही हयातभर वापरली. २०१६ पासून ही डब्ल्यूएचओ-आयएसयूपीची. क्रोमोफोबला ही ग्रेड लावतच नाहीत.

आता सांगा, मिलिमीटरच्या स्कॅनमध्ये पेशीच्या आतला ठिपका कसा दिसेल?

---

एक्सरेवाली | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सर, ठिपका दिसत नाही हे मान्य. पण ठिपका ठळक झाल्यावर गाठ जे उद्योग करते ते दिसतात. रक्त पुरेनासं झालं की मधोमध सडलेला भाग दिसतो. कड वेडीवाकडी होते. किडनीभोवतीच्या चरबीत शिरते, शिरेत शिरते, पुढे महाशिरेत. चरबीत किंवा किडनीच्या शिरेत गेली की आकार कितीही असो, कॅन्सरचा टप्पा (स्टेज) थेट टी३. पेशींची दाटी झाली की एमआरआयच्या डिफ्यूजनमध्ये पाण्याची हालचाल अडलेली दिसते. आणि आकार तर आहेच: ४ सेंमीपर्यंत टी१ए, ७ पर्यंत टी१बी, त्यापुढे टी२.

यातलं एकही चिन्ह म्हणजे ग्रेड नव्हे. पण अंगणात पायाचे ठसे बघून कोण येऊन गेलं ते सांगता येतं, त्यासाठी जनावर समोर लागत नाही.

---

सूक्ष्मदर्शी | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

ठसे मोठ्या जनावराचे उमटतात. ३ सेंमीच्या गाठीत ग्रेड २ आणि ग्रेड ३ यांचे ठसे सारखेच.

---

एक्सरेवाली | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४४

हे मात्र खरं. लहान गाठीत आमची चिन्हं लंगडी पडतात.

---

खडेमास्तर | १३ फेब्रुवारी, रात्री १०:०१

दोघं डॉक्टर भांडताना आणि मग एकमेकांचं ऐकताना पाहिले. वाचनखूण साठवली.

---

विष्णुपुरी | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

मूळ नांदेडचा, पुण्यात मेडिकल इमेजिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. इथे अजून कोणी एआयचं नाव कसं काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून मीच काढतो. आणि मीच थोडं पाणी ओततो.

रेडिओमिक्स नावाचा प्रकार आहे. गाठीच्या चित्रातले शेकडो आकडे (खडबडीतपणा, उजेडाचा विखुरलेपणा, आकार) संगणक काढतो आणि त्यावरून ग्रेड कमी की जास्त याचा अंदाज बांधतो. शोधनिबंध ढिगाने आहेत आणि बहुतेकांत निकाल झकास. मेख अशी, की ज्या दवाखान्याच्या स्कॅनवर मॉडेल शिकलं तिथे ते हुशार, दुसरीकडे नेलं की नापास. स्लाइसची जाडी १ मिमीऐवजी ५ मिमी झाली, डायची वेळ दहा सेकंदांनी चुकली, मशीनची कंपनी बदलली, की सगळे आकडे हलतात. २०१९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने ३०० रुग्णांचे किडनीचे सीटी घेऊन जागतिक स्पर्धा भरवली, किट्स नावाची. त्यातले २१० सगळ्यांना खुले होते, ९० परीक्षेसाठी झाकून ठेवले होते. आम्हीही त्या खुल्या डेटावर हात साफ केला. पण त्या स्पर्धेत काम होतं ते गाठीची हद्द आखायचं. हद्द आखणं आता यंत्राला बरंच जमतं. स्वभाव सांगणं ही पुढची इयत्ता.

मला जास्त आशा वाटते ती रसायन बघणाऱ्या स्कॅनची. क्लिअर सेलच्या पेशीवर सीए-नाइन नावाचं प्रथिन असतं. त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावर किरणोत्सारी झिर्कोनियम-८९ बसवून काही दिवसांनी पेट स्कॅन करायचा. झिर्कॉन या मोठ्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये छापून आले. क्लिअर सेल असेल तर आहे म्हणण्यात आणि नसेल तर नाही म्हणण्यात, दोन्हीकडे ८५ ते ८७ टक्के बरोबर. पण हाही जातच सांगतो, ग्रेड नाही.

स्वभावाच्या सगळ्यात जवळ जाणारं काम म्हणजे हायपरपोलराइज्ड कार्बन-१३ एमआरआय. पायरुव्हेट या साखरेपासून बनणाऱ्या रसायनाचा सिग्नल दहा हजार पटींहून जास्त वाढवून ते शिरेत सोडायचं आणि गाठ त्याचं लॅक्टेट किती झपाट्याने करते ते दोनेक मिनिटांत टिपायचं, कारण नंतर सिग्नल विझतो. मारकी गाठ लॅक्टेट जास्त करते. सॅन फ्रान्सिस्को आणि केंब्रिजच्या गटांनी शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णांवर हे करून पाहिलंय. अजून संशोधनातच आहे. अण्णांसाठी तिकीट काढू नका.

---

मांजरा | १४ फेब्रुवारी, दुपारी १:१०

ऑन्कोसायटोमा आधी ओळखणारा काही स्कॅन आहे का? आता उपयोग नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

---

एक्सरेवाली | १४ फेब्रुवारी, रात्री १०:२०

आहे. सेस्टामिबी. हृदयाच्या तपासणीला वापरतात तेच औषध. ते पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात साठतं आणि ऑन्कोसायटोमा मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेला असतो, म्हणून तो पेटलेला दिसतो. क्लिअर सेल थंड राहतो. काही क्रोमोफोबी जातीच्या गाठीही थोड्या पेटतात, म्हणून शंभर टक्के नाही. २०१६ मध्ये हे नुकतंच लिहिलं जात होतं. लातुरात त्या वेळी कोणी केलं नाही यात कुणाचाच दोष नाही.

आणि विचारतील त्यांच्यासाठी: कॅन्सरसाठी जो नेहमीचा पेट करतात तो इथे फारसा कामाचा नाही. त्यातली साखर लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे किडनी स्वतःच उजळलेली असते, त्यात गाठ कुठे शोधणार.

---

जालन्याची_सून | १५ फेब्रुवारी, सकाळी ११:००

मी परळला नर्स होते सात वर्षं. मराठवाड्यातून आलेल्या माणसांना देवगिरीतून उतरून पिशवीतल्या फिल्म काउंटरवर ओतताना रोज पाहिलंय. तेवढ्यावरून सांगते.

सीडी घ्याच आणि ती डायकॉम (स्कॅनचे मूळ आकडे असलेली फाईल) असल्याची खात्री करा. फिल्मवर आकडा मोजता येत नाही. सुईचा तुकडा काढला तर ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर दुसरीकडे मत देत नाहीत. आणि पहिल्या मतासाठी लगेच मुंबई गाठायची गरज नाही. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, धाराशिवकडच्यांना बार्शी जवळ पडतं. रेशनकार्ड घेऊन फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा, ऑपरेशनच्या दिवशी नव्हे.

क्रिएटिनीन १.७ असताना परत डाय द्यायचा का, हे मात्र एक्सरेवाली ताईंनी सांगावं.

---

एक्सरेवाली | १५ फेब्रुवारी, रात्री १०:४५

६७ व्या वर्षी पुरुषात १.७ म्हणजे ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते तो आकडा) ४३ च्या आसपास. खरी काळजी ३० च्या खाली. तरी परत सीटी करण्यापेक्षा एमआरआय सुचवेन. एमआरआयच्या डायची, म्हणजे गॅडोलिनियमची, आताची औषधं या पातळीवर सुरक्षित आहेत आणि एमआरआय जातीबद्दल जास्त बोलतो. क्लिअर सेल किती संभवतो याचा १ ते ५ गुणांचा ठोकताळा आहे, सीसीएलएस म्हणतात, टेक्ससमध्ये तयार झालेला. ५ म्हणजे क्लिअर सेल जवळपास नक्की, १ म्हणजे जवळपास नाहीच. चिठ्ठीवर "रीनल मास प्रोटोकॉल" असे शब्द लिहून घ्या. लाजू नका.

---

दुधनाकाठ | २२ फेब्रुवारी, रात्री ८:५०

एमआरआय झाला. संभाजीनगरला. चिठ्ठीवर ते शब्द लिहून मागितले तेव्हा डॉक्टरांनी वर बघितलं, म्हणाले "कोणी सांगितलं?" मी म्हटलं, बहिणीनं.

अण्णा नळकांड्यात पाऊण तास होते. बाहेर आले आणि म्हणाले, "आत ट्रॅक्टर चालू होतं, पण नांगर काई लागला न्हाई."

रिपोर्ट: ३.२ सेंमी. एमआरआयच्या टी२ नावाच्या चित्रांत (हा टी२ म्हणजे टप्पा नव्हे) काळी. डाय हळूहळू आणि थोडा. चरबी नाही. शीर मोकळी, बाहेर पसरलेली नाही. पाचापैकी २ गुण. पॅपिलरीची शक्यता.

म्हणजे जिरायत?

---

एक्सरेवाली | २२ फेब्रुवारी, रात्री ९:०५

जिरायतच दिसते. रिपोर्ट लिहिणाऱ्याने चरबी आणि शीर दोन्हींचा उल्लेख केलाय, म्हणजे माणूस नीट बघणारा आहे.

---

सूक्ष्मदर्शी | २३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

आता सुईचा तुकडा घ्या. एरवी मी एवढा आग्रह धरला नसता. तरुण माणूस, दोन्ही किडन्या धड, तर सरळ गाठ काढून मोकळं व्हा म्हटलं असतं. इथे निर्णय किडनीच्या मोलाचा आहे.

---

खडेमास्तर | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:००

सर, सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणतात. आमच्या शाळेतल्या शिपायाला गावभर हेच सांगितलं होतं.

---

सूक्ष्मदर्शी | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:२५

गुरुजी, सुईच्या वाटेवर गाठ उगवल्याची उदाहरणं जगभरात अगदी मोजकी आहेत. सुई नळीतून घालतात, त्याने धोका आणखी घटतो. खरी अडचण दुसरीच: दहातल्या एखाद्या वेळी तुकड्यातून काहीच निष्पन्न होत नाही, पुन्हा टोचावं लागतं. आणि ग्रेड सुईत कमी दिसू शकते. २०१२ मध्ये लंडनच्या एका गटाने एकाच किडनीच्या गाठीचे अनेक ठिकाणचे तुकडे तपासले, तर जनुकांतले साधारण दोन-तृतीयांश बदल सगळीकडे सारखे नव्हते. एका बांधाची माती तपासून सगळं रान कसं आहे हे ठरवणं तसंच. म्हणून दोन तरी तुकडे, वेगवेगळ्या जागचे. इथे ताईंचं चित्र आमच्या कामाला येतं: सुई कुठे घालायची ते तेच सांगतं.

बघा, मीच मान्य केलं.

---

एक्सरेवाली | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:५५

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

---

दुधनाकाठ | १९ मार्च, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. मध्ये भावाशी वाजलं. तो म्हणतो, तू मोबाईलवर विचारून अण्णांचा जीव टांगणीला लावलास. त्याचंही चूक म्हणवत नाही. गावात सगळे त्यालाच विचारतात, "अजून काढली न्हाई?" त्याला घरात साप ठेवून झोपल्यासारखं वाटतं.

१० तारखेला दोन तुकडे काढले. रिपोर्ट: पॅपिलरी आरसीसी, ग्रेड २. टाइप १ की २ ते लिहिलेलं नाही, विचारायचं राहिलं.

---

सूक्ष्मदर्शी | २० मार्च, सकाळी ६:४०

राहिलं नाही. २०२२ च्या वर्गीकरणात पॅपिलरीचे टाइप १, टाइप २ काढून टाकले. पॅथॉलॉजिस्टने बरोबर लिहिलंय.

---

दुधनाकाठ | २ एप्रिल, रात्री ८:१५

दुसऱ्या सर्जनना भेटलो. त्यांनी सीडी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि वीस मिनिटं बोलले. गाठ खालच्या टोकाला, बरीचशी बाहेर आलेली, मुख्य शिरांपासून लांब. त्यांनी रीनल स्कोअर काढला, १२ पैकी ५, म्हणजे सोप्या गटात. फक्त गाठ काढून किडनी ठेवता येईल. पण ते करताना किडनीचं रक्त थोडा वेळ थांबवावं लागतं आणि अण्णांची भिस्त त्याच एका किडनीवर.

दुसरा रस्ता त्यांनीच सांगितला: थांबून बघणं. अशा लहान गाठी सरासरी वर्षाला ३ मिमीच्या आसपास वाढतात, काही वाढतच नाहीत. पहिला स्कॅन सहा महिन्यांनी. ४ सेंमीच्या पुढे गेली किंवा वर्षात ५ मिमीहून जास्त वाढली तर काढायची. पसरायचा धोका शून्य नाही, शंभरात एक-दोन, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. भाऊ सोबत होता. येताना एसटीत जालन्यापर्यंत काही बोलला नाही. जालना सोडल्यावर म्हणाला, "सहा महिन्यानं मी नेतो."

अण्णांना सांगितलं: गाठ गरीब जातीची आहे, पण दावं सोडायचं नाही. ते म्हणाले, "मंग ठीक. पोळ्यापस्तोर बगू."

---

मांजरा | २ एप्रिल, रात्री ८:४०

हे वाचून आईला फोन केला. काहीतरीच बोलले, गाठीचं काही बोलले नाही.

---

विष्णुपुरी | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

धागा वर काढतोय. दुधनाकाठ, पोळा ऑगस्टमध्ये झाला. स्कॅनचं काय? तिकडे पाण्याने काय केलं ते बातम्यांत पाहिलं, सगळे सुखरूप ना?

---

दुधनाकाठ | १६ ऑक्टोबर, रात्री १०:१०

सुखरूप. पोळ्यानंतर जाणारच होतो, तर सप्टेंबरात आभाळ फाटलं. दुधना पात्र सोडून रानात आली, काढणीला आलेलं सोयाबीन आठ दिवस पाण्यात. अण्णा कमरेएवढ्या पाण्यातून मोटर काढायला गेले, मी ओरडलो तर म्हणे, "किडनीला पानी लागतंय ना?"

परवा एमआरआय झाला. भावानेच नेलं, त्याच मशीनवर. ३.३ सेंमी. बाकी सगळं तसंच. क्रिएटिनीन १.६.

ताई, ३.२ ची ३.३ झाली. भाऊ काळजीत आहे.

---

एक्सरेवाली | १६ ऑक्टोबर, रात्री १०:३२

१ मिमी ही गाठीची वाढ नाही, ती मोजणाऱ्याच्या बोटाची थरथर आहे. मीच तीच गाठ सकाळी आणि संध्याकाळी मोजली तर २-३ मिमीचा फरक पडेल. म्हणूनच एकच मशीन, एकच टप्पा, एकच आडवा काप. जुन्या सोनोग्राफीच्या ३.१ शी तर तुलना करूच नका. तो आकडा वेगळ्या यंत्राचा. भावाला सांगा, मशीन तेच ठेवलं हे त्याने फार चांगलं केलं.

पुढचा एप्रिलमध्ये.

---

खडेमास्तर | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

पंचनामा झाला का?

---

दुधनाकाठ | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:००

तलाठी येऊन गेले. बघू.

---

तेरणेचं_पाणी | ३ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या मामींच्या किडनीत ६ सेंमीची गाठ आहे, सीटी झालाय, पुढच्या सोमवारी ऑपरेशनची तारीख दिलीय. इथेच विचारू की नवा धागा काढू?

---

एक्सरेवाली | ३ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

नवा काढा. ६ सेंमीचं गणित निराळं असतं, अण्णांचं उत्तर मामींना लावू नका आणि दिलेली तारीख परस्पर मोडू नका. फक्त तोवर सीडी उघडून बघून ठेवा: प्लेन आहे का?